फरशी बदलली, नळ तोच

कामतघर हे मूळचे तळ्याकाठचे गाव. वऱ्हाळा तलाव, त्याच्या काठचे देवीचे मंदिर, कौलारू घरे, घरामागे परस आणि कुठेकुठे विहीर, अशी त्याची जुनी ठेवण. भिवंडी वाढत गेली, यंत्रमागांची खडखड गावाच्या अंगणापर्यंत आली आणि कामतघर महापालिकेचा एक भाग झाले. जुनी घरे मात्र सगळीच पडली नाहीत. काहींवर मजला चढला, काहींच्या परसात भाडेकरूंसाठी खोल्या निघाल्या, काहींच्या ओटीवर दुकानाचे शटर आले. आता त्याच घरांना पुन्हा एकदा नवे रूप दिले जात आहे. मुलाचे लग्न ठरले, गणपती आले किंवा हातात चार पैसे आले की घराचे काम निघते.

या कामाच्या अंदाजपत्रकात काय असते? फरशी, रंग, खिडक्या, ओट्याचा ग्रॅनाइट, छताचे पीओपी, बैठ्या संडासाच्या जागी कमोड. यादीच्या तळाशी एक ओळ असते : ‘प्लंबिंग, एकरकमी’. पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री याच ओळीला लागते. मिस्त्री सांगतो, ‘शेट, आतला पाइप चांगला आहे, त्यालाच जोडून टाकू.’ मालकालाही ते पटते, कारण फरशी पाहुण्यांना दिसते आणि पाइप कोणालाच दिसत नाही. तीस-चाळीस वर्षांचा लोखंडी पाइप चकचकीत टाइलखाली पुन्हा गाडला जातो. पुढची वीस वर्षे त्याकडे कोणी पाहणार नसते.

हा निर्णय बांधकामाचा वाटतो. प्रत्यक्षात तो घरातल्या माणसांच्या आरोग्याचा असतो आणि त्याची किंमत बऱ्याचदा रुग्णालयात मोजावी लागते.

दोष पाणीपुरीवर

दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई या विषाणूंमुळे होते. ‘ई’ विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. विषमज्वराला, म्हणजे टायफॉइडला, साधारण एक ते तीन आठवडे लागतात. एवढ्या काळात घराचे काम आटोपलेले असते, वास्तुशांत होऊन गेलेली असते आणि तोडफोडीच्या दिवसांत नळाला दोन दिवस गढूळ पाणी आले होते, हे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. मग दोष जातो लग्नातल्या जेवणाला किंवा नाक्यावरच्या पाणीपुरीला. रुग्णाला ‘बाहेरचे काही खाल्ले का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘घरात मागच्या दोन महिन्यांत नळाचे काही काम झाले का?’ हा प्रश्न फारच थोडे डॉक्टर विचारतात.

निरोगी तरुणाची कावीळ बहुधा विश्रांतीने उतरते. गर्भवतीच्या बाबतीत तसे नसते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर दर १०० रुग्ण स्त्रियांमध्ये २० ते २५ जणी दगावू शकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. या आजाराची लस आपल्याकडे सर्वसाधारण वापरात नाही. त्यामुळे ज्या घरात सून गरोदर आहे आणि बाळ येण्याआधी घर ठाकठीक करायचे म्हणून काम काढले आहे, त्या घरात जुन्या पाइपाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा.

मोठ्या साथी इतिहासात नोंदल्या जातात. १९५५-५६मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू हिपॅटायटिस ई होता, हे साठवून ठेवलेल्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. २०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. तीही भिवंडीसारखीच यंत्रमागांची नगरी. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पाण्याचा प्रश्न पहिल्या पानावर आला. पण एका घरात तिघांना कावीळ झाली तर त्याला कोणी साथ म्हणत नाही. तलाव, नदी आणि शुद्धीकरण केंद्र यांची चौकशी होते. घरातल्या शेवटच्या वीस-पंचवीस फूट पाइपाची होत नाही.

अंतराने राखलेली शुद्धता

जुन्या घरांची रचना आठवून पाहावी. पाणी भरायची जागा पुढे किंवा मधल्या चौकात, आणि संडास परसाच्या पार टोकाला. मधे मोकळी जमीन. पिण्याचे पाणी आणि मैला यांची गाठ पडू नये, याची सोय त्या काळच्या लोकांनी अंतर राखून केली होती. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान ५० फूट अंतर असावे, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

नाचेही आपल्याकडे नवे नव्हते, तसे नळही नव्हते असे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त दगडी नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत आणले. त्या मार्गावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. हवेचा दाब त्यांतून मोकळा होई आणि आत उतरून गाळही काढता येई. जमिनीखालून पाणी न्यायचे तर ते तपासायला जागा हवी, एवढे त्या कारागिरांना ठाऊक होते.

आता परस उरलेले नाही. संडास घरात आला, मग शयनगृहाला लागून आला आणि वरच्या मजल्यावर तर तो खालच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आला. ही सोय चांगलीच आहे. म्हाताऱ्या माणसांना रात्री अंगणात जावे लागत नाही, बायका-मुलींना सुरक्षितता मिळते. पण पूर्वी पन्नास फूट मोकळी जमीन जे काम करत होती, ते काम आता पाव इंच जाडीच्या पाइपाने आणि त्याच्या सांध्यांनी करायचे आहे. घर जितके आटोपशीर, तितका पाइप निर्दोष हवा. जुन्या घरात नेमके उलटे घडते : अंतर संपले आणि पाइप जुनाच राहिला.

नळ बंद असताना काय होते

भिवंडीला पाणी कमी नाही ठिकाणांहून मिळते. वऱ्हाळा तलावाचे पाणी शुद्ध करून शहराच्या काही भागाला दिले जाते. बाकी पाणी शहाड-टेमघर योजनेतून आणि मुंबई महापालिकेकडून येते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन असते. मात्र बहुतेक वस्त्यांत पाणी दिवसातले काही तासच येते, आणि गोम तिथेच आहे.

पाणी चालू असताना पाइपात दाब असतो. पाइपाला चीर असेल तर पाणी बाहेर झिरपते, आत काही येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, पाइप रिकामा होऊ लागतो आणि आत पोकळी तयार होते. अशा वेळी बाहेरचे पाणी त्याच चिरेतून आत ओढले जाते. बाहेर गटार असेल तर गटाराचे पाणी आत येते. कोणी थेट नळालाच मोटर लावून पाणी खेचत असेल तर ही ओढ कितीतरी वाढते, आणि त्याचा त्रास त्याच्या घरापुरता राहत नाही. शेजारच्या जोडण्यांतही घाण खेचली जाते. सकाळी पाणी आल्यावर पहिली बादली ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सवय म्हणजे या रोगाची न बोललेली कबुलीच होय.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागाला चोवीस तास आणि उरलेल्या भागाला ठराविक वेळ पाणी मिळत होते. संशोधकांनी दोन्ही भागांतल्या नळांचे पाणी तपासले, तेव्हा मैल्याची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू ठराविक वेळच्या पाण्यात कितीतरी जास्त वेळा सापडला. शहर तेच होते; फरक पाइपातल्या दाबाचा होता.

घराच्या तोडफोडीत हा धोका आणखी वाढतो. जुन्या जीआय पाइपाचे आटे आतून गंजलेले असतात. भिंत फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी सांधा थोडासा सैल होतो. तो गळताना दिसत नाही, कारण बाहेर ओली माती आणि गटारच असते. शिवाय गंजाच्या थरावर जिवाणूंचा बुळबुळीत लेप बसलेला असतो आणि पाण्यातले क्लोरीन त्या लेपाशी व गंजाशी झगडण्यातच संपते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवे. विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम. मुख्य वाहिनीवर ते असते आणि स्वयंपाकघरात नसते, असे जुन्या घरात सहज घडू शकते.

एका घराची मोरी, साऱ्या गल्लीचा आजार

घरातल्या नळ-मोरीचा दोष घरापुरता राहत नाही, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. १८५४मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाच्या पाण्याने कॉलरा पसरला आणि ६००हून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी पंपाचा दांडा काढायला लावला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण विहिरीत कॉलरा आला कुठून? नंतरच्या तपासात दिसले की, शेजारच्या ४० क्रमांकाच्या घराच्या मैल्याच्या खड्ड्याचे विटकाम जुने होऊन ढासळले होते आणि तो खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. त्या घरातल्या आजारी तान्ह्या बाळाची दुपटी धुतलेले पाणी त्या खड्ड्यात जात होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या शिकागोचे. १९३३च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेले पाहुणे तिथल्या दोन हॉटेलांत उतरले आणि अमिबाची हगवण घेऊन आपापल्या गावी गेले. सुमारे १,४०० लोक आजारी पडले, ९८ दगावले. कारण सापडले ते हॉटेलांच्या जुन्या आणि सदोष नळकामात. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. दिवाणखान्याच्या थाटावरून भिंतीतल्या पाइपाची अवस्था कळत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

तिसरे उदाहरण पाण्याचे नव्हे, हवेचे आहे. आपल्याकडच्या न्हाणीघरात जमिनीलगत ‘नहाणी ट्रॅप’ असतो. त्याच्या वळणात थोडे पाणी कायम साचलेले राहते आणि ते पाणी गटारातली हवा, झुरळे आणि जंतू यांना अडवते. २००३मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्सची लागण ३००हून अधिक रहिवाशांना झाली. तिथल्या तपासात कोरड्या पडलेल्या ट्रॅपांकडे बोट दाखवले गेले. वळणातले पाणी आटले होते आणि पंख्याने हवा खेचली की मैलावाहिनीतले दूषित तुषार घरात येत होते. नूतनीकरणात उंची मिळत नाही म्हणून कमी खोलीचा ट्रॅप बसवणे किंवा ट्रॅपच गाळून पाइप सरळ खाली सोडणे, हे प्रकार म्हणूनच क्षुल्लक नव्हेत. न्हाणीघराला सतत वास येत असेल तर उदबत्ती लावण्याआधी ट्रॅप पाहावा. फारशा न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे.

धातू, प्लास्टिक आणि धूळ

जुन्या नळकामात शिसे असू शकते : बिडाच्या पाइपांचे शिसे ओतून केलेले सांधे, जुन्या पितळी तोट्या, डाग दिलेल्या जोडण्या. रात्रभर पाणी त्यात थांबले की थोडे शिसे पाण्यात उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाने इजा होते आणि त्याची निर्धोक पातळी कोणती, असे सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे, असे भारतीय मानक आहे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही आणि जुन्या पाइपांतले शिसे हजारो घरांत पोचले. पाणी उकळून जंतू मरतात, शिसे जात नाही.

प्लास्टिकचा पाइप घेतला की प्रश्न मिटला, असेही नाही. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. ती थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये नियम काढले. म्हणून पाइपावर आयएसआय चिन्ह आणि पिण्याच्या पाण्यासाठी असल्याची खूण पाहूनच घ्यावा. सांडपाण्याचा किंवा वायरिंगचा उरलेला पाइप पिण्याच्या पाण्याला जोडू नये. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो.

मैल्याचे आणि पावसाच्या पाण्याचे जुने पाइप अनेक इमारतींत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. ते जागेवर धड असतील तर फारसा धोका नसतो. कटरने सुके कापले किंवा हातोड्याने फोडले की त्यांचे सूक्ष्म तंतू हवेत उडतात, फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगाचे कारण होऊ शकतात. असा पाइप ओला करून, शक्यतो न तोडता अख्खा उतरवावा. मुलांना त्या वेळी घराबाहेर ठेवावे. काम करणाऱ्या मजुराला चांगला मास्क द्यावा. त्याचीही फुफ्फुसे आहेतच.

काम काढताना

पहिला नियम क्रमाचा आहे : आधी पाइप, मग फरशी. काम सुरू होण्यापूर्वी घरातल्या सगळ्या तोट्या बंद करून, पाणी चालू असताना मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. संडासाच्या टाकीत आणि मोरीत खाण्याचा रंग टाकून पाहावे. तो भिंतीवर, शेजारच्या ओट्याखाली किंवा विहिरीत उतरला तर मैल्याचा पाइप फुटका आहे.

दुसरा नियम जागेचा. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून किंवा चेंबरमधून कधीही जाऊ नये. गल्ली अरुंद असल्याने गटार ओलांडावेच लागत असेल, तर तो गटाराच्या वरून, दुसऱ्या मोठ्या पाइपाच्या आवरणातून आणि मधे एकही सांधा न ठेवता न्यावा. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक यांची भिंत एक असणे, हा जुन्या घरांतला सर्वांत घातक प्रकार आहे. जागा नाही म्हणून दोन्ही खड्डे शेजारी खोदले जातात, मधली भिंत काही वर्षांत चिरते आणि कोणाला पत्ता लागत नाही. जागा खरोखरच नसेल तर पाण्याची टाकी जमिनीवर आणावी. ती दिसायला बरी नाही दिसली तरी चालेल.

तिसरा नियम चाचणीचा. नवा पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी त्यात दाबाने पाणी भरून काही तास ठेवावे आणि दाब उतरतो का, ते पाहावे. प्लंबरकडे त्यासाठी हातपंप असतो. न्हाणीघराच्या जमिनीत वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साचवून खालच्या छताला ओल येते का, हेही तपासावे. मग सगळ्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि वळणाच्या जागा उघडता येतील अशा ठेवाव्यात. हेच आजच्या घराचे उच्छ्वास.

चौथा नियम सफाईचा. नव्या पाइपात आणि टाकीत सिमेंट, माती आणि मजुरांचे हात यांच्यासोबत जंतू आलेले असतात. हजार लिटरच्या टाकीला सुमारे २०० ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी भरलेल्या टाकीत ओतावी. प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडून बंद करावी, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी सगळे पाणी सोडून द्यावे. हे पाणी पिऊ नये. ही पावडर संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

टाकी स्वच्छ झाली की ती झाकलेली हवी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्याच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी, सेप्टिक टँकच्या वायुनळीलाही जाळी, एवढे काम काही रुपयांचे आहे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘आमच्याकडे फिल्टर आहे’. फिल्टर स्वयंपाकघरातल्या एका तोटीला असतो. त्याच घरात दात घासणे, गुळणी, भाजी धुणे, ताट विसळणे आणि बाळाची बाटली धुणे साध्या पाण्याने चालते. फिल्टर असावा, पण तो फुटक्या पाइपाला पर्याय नाही. घरात कावीळ किंवा टायफॉइड झाला असेल, तर पाइप तपासून होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळणे हाच भरवशाचा उपाय आहे.

जबाबदारी कोणाची?

हे सगळे ऐकून मालक विचारेल, ‘पैसे कोण देणार?’ आणि भाडेकरू विचारेल, ‘मालक करतो कुठे?’ रस्त्यातली वाहिनी महापालिकेची. तिच्यापासून घरात येणारी जोडणी ग्राहकाची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. जुन्या घरात हा ग्राहक कोण, यावरच वाद असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९नुसार घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. त्याने नोटीस देऊनही ते केले नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. समजा, जुने भाडे महिना २०० रुपये आहे. मग वर्षाला ६०० रुपये हातात येतात. त्यात एक बरी तोटीही येत नाही. कायद्याचा हक्क आहे, पण त्यातून पाइप बदलत नाही. अशा घरांत मालक आणि भाडेकरूंनी खर्च वाटून घेण्याचा लेखी करार करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. कावीळ भाडेपावती पाहून होत नाही.

महापालिकेच्या हातातही बरेच आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. सप्टेंबर २०२०मध्ये भिवंडीतली जिलानी इमारत कोसळून अनेकांचे प्राण गेले, तेव्हापासून ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द इथे सर्वांना ठाऊक झाला आहे. त्या तपासणीत खांब, तुळया आणि स्लॅब पाहिले जातात. त्यात एक पान पाणी आणि मैल्याच्या पाइपांचे वाढवावे. झिरपते पाणी लोखंडी सळ्या गंजवते, त्यामुळे हे पान इमारतीच्या मजबुतीसाठीही कामाचे ठरेल. दुरुस्तीची परवानगी देताना पाइप बुजवण्यापूर्वीच्या दाबचाचणीची नोंद मागावी.

दुसरे, पाण्यातले क्लोरीन पाहण्याची ओटी चाचणी बहुधा गल्लीच्या सुरुवातीच्या सोयीच्या नळावर होते. ती गल्लीच्या शेवटच्या घरात, स्वयंपाकघरातल्या तोटीवर व्हावी. पहिल्या घरात क्लोरीन आहे आणि शेवटच्या घरात नाही, एवढ्यावरून मधला पाइप फुटका असल्याचा अंदाज येतो. मैल्याचे जिवाणू असले की पाणी काळे पडणारी एच-टू-एस बाटली स्वस्त आहे. ती शाळेतल्या मुलांच्या हातीही देता येईल.

तिसरे, एका गल्लीत महिन्याभरात काविळीचे दोन रुग्ण आढळले की रुग्णालयातून तो पत्ता आरोग्य विभागाबरोबर पाणीपुरवठा विभागालाही त्याच दिवशी कळावा. आज औषधाचा कागद एका खात्यात आणि पाइपाचा नकाशा दुसऱ्या खात्यात राहतो. खासगी डॉक्टरांनीही हे कळवणे तितकेच गरजेचे आहे, कारण बहुतेक रुग्ण आधी त्यांच्याकडे जातात.

शेवटी, पाणी दिवसभर दाबाने मिळाले तर निम्मा प्रश्न आपोआप सुटेल. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन हे लहान गावालाही जमते, हे दाखवले आहे. भिवंडीसारख्या शहराला ते एका रात्रीत जमणार नाही. तोवर ज्यांच्या घरी या वर्षी काम निघणार आहे, त्यांनी अंदाजपत्रकाचा कागद हातात घेऊन ‘प्लंबिंग, एकरकमी’ ही तळाची ओळ खोडावी आणि तिच्या जागी पाइप, ट्रॅप, टाकी, दाबचाचणी असा तपशील लिहून तो यादीच्या डोक्यावर न्यावा. पैसे कमी पडलेच तर फरशी पुढच्या वर्षी बदलता येते.